परवाना शुल्क शून्य, मग खर्च कशाचा? पोस्टग्रेस डेटाबेसबद्दलचे नेहमीचे प्रश्न

छोट्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर करून घ्यायला निघालेल्या माणसाच्या हाती जे कोटेशन पडते, त्यात अलीकडे एक ओळ हमखास असते: ‘डेटाबेस: पोस्टग्रेस. परवाना शुल्क: शून्य.’ डेटाबेस म्हणजे माहिती साठवणारे आणि मागितली की शोधून देणारे सॉफ्टवेअर. पुण्यात पेठांतल्या अभ्यासिकांपासून भोसरीच्या वर्कशॉपपर्यंत ही ओळ पोहोचली आहे आणि ती वाचून हायसे वाटण्याऐवजी शंकाच जास्त येतात. फुकट मिळणाऱ्या वस्तूवर पैशाचा हिशेब कसा सोपवायचा? ती बनवते कोण? बिघडली तर कोणाला धरायचे? शंका रास्त आहेत, आणि ‘सगळे जग हेच वापरते’ हे त्यांचे उत्तर होऊ शकत नाही, जरी आमच्या व्यवसायातली मंडळी बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागवतात.

विषय अमूर्त असल्यामुळे एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी एक अभ्यासिका आहे, नारायण आणि शनिवार पेठेत तिच्या आणखी दोन शाखा आहेत, तिन्ही मिळून चारशे खुर्च्या आहेत आणि प्रत्येक शाखेच्या काउंटरवर बसलेला माणूस फी घेऊन पावती देतो, असे समजू. आजवर हे सगळे एका सामायिक एक्सेल फाइलवर चालत आले आहे.

एक्सेलवर चालले आहे, तर डेटाबेस हवाच कशाला?

एक शाखा, एक काउंटर आणि शंभर मुले एवढाच पसारा असेल तर एक्सेल उत्तम आहे आणि ते बदलण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण सुरू होते ती तीच माहिती अनेक ठिकाणी आणि अनेक हातांनी लिहिली जाऊ लागली की. एका मुलीने जूनमध्ये प्रवेश घेतला, जुलै आणि ऑगस्टमध्ये फी भरली, म्हणून तिचे नाव आणि मोबाइल क्रमांक तीन ओळींत आले. सप्टेंबरमध्ये तिने क्रमांक बदलला आणि काउंटरवरच्या माणसाने तो फक्त शेवटच्या ओळीत दुरुस्त केला. आता तिचा खरा क्रमांक कोणता, हे फाइल सांगू शकत नाही. ते फक्त तो माणूस सांगू शकतो, आणि नेमका तोच रजेवर असतो.

आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये एका निबंधात या प्रश्नाचे जे उत्तर मांडले, त्यालाच आज रिलेशनल डेटाबेस म्हणतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की माहिती साध्या टेबलांत ठेवावी, प्रत्येक गोष्ट शक्यतो एकाच जागी लिहावी, टेबलांमधला संबंध दोन्हीकडे असलेल्या समान मूल्याने दाखवावा, आणि माहिती डिस्कवर प्रत्यक्षात कुठे कशी ठेवली आहे याची चिंता वापरणाऱ्याने करू नये. आपल्या अभ्यासिकेत विद्यार्थी, खुर्च्या, आरक्षणे आणि पावत्या अशी चार टेबले होतील. मोबाइल क्रमांक फक्त विद्यार्थ्यांच्या टेबलात राहील, पावतीवर फक्त विद्यार्थी क्रमांक असेल, आणि ‘ऑगस्टची फी न भरलेल्यांचे मोबाइल द्या’ असे एसक्यूएल या भाषेत विचारले की दोन टेबले जुळवून उत्तर काढण्याचे काम डेटाबेस स्वतः करील. काय हवे ते आपण सांगायचे, कसे शोधायचे ते त्याने ठरवायचे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे डेटाबेसला नियम सांगून ठेवता येतात. विद्यार्थ्यांच्या टेबलात नसलेल्या माणसाच्या नावाने पावती करायचा प्रयत्न केला तर तो सरळ नकार देतो. समजा, ४७ क्रमांकाची खुर्ची ५ जून ते ४ जुलै या काळासाठी एका मुलाला दिलेली आहे आणि दुसऱ्या शाखेतून फोनवर कोणीतरी तीच खुर्ची १ जुलैपासून दुसऱ्याला देऊ पाहते आहे. तारखांचे असे आच्छादन रोखण्याची अट पोस्टग्रेसमध्ये टेबलावरच घालता येते. २०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीत तर ती लिहिणे आणखी सोपे झाले आहे. हीच तपासणी सॉफ्टवेअरच्या पडद्यावर करता येणार नाही का, असा प्रश्न येतो. करता येते, पण दोन काउंटरांनी एकाच क्षणी ‘रिकामी आहे का’ असे विचारले तर दोघांनाही ‘हो’ असे उत्तर मिळते आणि पुढे दोघेही पावती देऊन मोकळे होतात. म्हणून सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला हे विचारावेच की अटी पडद्यावर आहेत की डेटाबेसमध्ये. उत्तर देताना तो घुटमळला तर काय ते समजून घ्यावे.

हे फुकट देते कोण, आणि त्यात त्यांचा फायदा काय?

पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगणकशास्त्र विभागात, मायकल स्टोनब्रेकर यांच्या संशोधन प्रकल्पातून झाली. विद्यापीठाने तो प्रकल्प १९९४ मध्ये आवरता घेतला, त्यानंतर अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्यात एसक्यूएलची सोय घातली, आणि १९९६ मध्ये जगभरातल्या प्रोग्रॅमरांच्या एका गटाने ते काम हाती घेऊन त्याला पोस्टग्रेसएसक्यूएल (बोलीत पोस्टग्रेसच) हे आजचे नाव दिले. तेव्हापासून त्याला एक मालक नाही. ज्यांनी भर घातली, त्यांच्याकडे त्या त्या भागाचे हक्क आहेत आणि सर्वांनी ते एकाच मोकळ्या परवान्याखाली दिलेले आहेत.

हे लोक धर्मादाय काम करतात असे मात्र नाही. यातले बरेचसे प्रोग्रॅमर पगारी आहेत, आणि त्यांना पगार देणाऱ्या कंपन्या या डेटाबेसवर आधारलेली सेवा विकतात: कोणी क्लाउडवर तो चालवून देते, कोणी मोठ्या ग्राहकांना देखभालीचा करार विकते. मूळ वस्तू जितकी चांगली तितका सर्वांचा धंदा चांगला, म्हणून एरवीचे प्रतिस्पर्धी इथे एकाच कोडवर काम करताना दिसतात. त्यांपैकी एंटरप्राइझडीबी या कंपनीचे पुण्यातही कार्यालय आहे, तेव्हा या डेटाबेसचा काही भाग याच शहरात लिहिला गेला आहे, हे ‘बाहेरची फुकट वस्तू’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगायला हरकत नाही.

परवाना अगदी छोटा आहे. कोणीही, कोणत्याही कामासाठी, शुल्क न देता वापरा, प्रती काढा, बदल करा, पुढे द्या, फक्त परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, एवढेच त्याचे सार. मात्र त्यात एक कलम असेही आहे की वस्तू जशी आहे तशी दिली असून नुकसानीची जबाबदारी कोणाचीही नाही. इथे अनेक मालक दचकतात. त्यांनी पैसे मोजून घेतलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरचा करारही एकदा शेवटपर्यंत वाचावा, कारण तिथेही कंपनीची जबाबदारी बहुधा भरलेल्या रकमेपुरतीच मर्यादित केलेली आढळते. फरक एवढाच की इथे मदत वेगळी विकत घ्यावी लागते, आणि कोटेशनमधल्या शून्यापुढे ती दिसत नाही.

आज फुकट आहे, उद्या पैसे मागितले तर?

ही भीती काल्पनिक नाही. माहिती साठवण्याची आणि शोधण्याची अशीच सॉफ्टवेअरे देणाऱ्या मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये आपापल्या परवान्यांच्या अटी आवळल्या आणि त्यांच्यावर विसंबलेल्या अनेकांची पळापळ झाली. त्या तिन्हींमध्ये नाव आणि पुढच्या आवृत्त्यांचे निर्णय एकेका कंपनीच्या हाती होते. पोस्टग्रेसचे नाव कॅनडात नोंदलेल्या एका ना-नफा संस्थेकडे आहे आणि पुढची आवृत्ती कशी असावी हे कोणी एक कंपनी ठरवत नाही. एखाद्या कंपनीने त्यात भर घालून स्वतःची बंदिस्त आवृत्ती विकली तर परवाना तिला अडवत नाही. पण मूळ वस्तू त्यामुळे कोणाच्या हातून काढून घेता येत नाही.

मायएसक्यूएल हा दुसरा लोकप्रिय डेटाबेस याबाबतीत मधल्या जागी आहे. तो १९९५ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाला, २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने तो विकत घेतला आणि २०१० मध्ये सनबरोबर तोही ओरॅकलकडे गेला. त्याची मोफत आवृत्ती आजही मिळते, पण त्या घडामोडींमुळे अस्वस्थ झालेल्या मूळ निर्मात्याने, मायकल विडेनियस यांनी, तेच कोड घेऊन मारियाडीबी हा वेगळा फाटा काढला. मोकळ्या परवान्याचा खरा उपयोग तोच: मालक बदलला तरी कोड घेऊन वेगळी चूल मांडता येते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी प्रणालींसाठी मुक्तस्रोत, म्हणजे पोस्टग्रेससारख्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे जे धोरण जाहीर केले, त्यामागेही एकाच पुरवठादारावर अवलंबून न राहण्याचा विचार होता.

फी घेता घेता वीज गेली तर?

गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणे पुणेकरांना नवे नाही, त्यामुळे हा प्रश्न इथे पहिल्या पाचांत असतो. फी घेणे ही काउंटरवर एक कृती वाटली तरी डेटाबेसच्या दृष्टीने त्या तीन नोंदी आहेत: पावती तयार करणे, आरक्षणाची मुदत वाढवणे आणि थकबाकी कमी करणे. दुसऱ्या नोंदीनंतर वीज गेली तर हिशेब अर्धवट राहू शकतो. तसे होऊ नये म्हणून या तिन्ही नोंदी एका गठ्ठ्यात बांधता येतात. त्या गठ्ठ्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात आणि तो एकतर पूर्ण लागू होतो किंवा अजिबात होत नाही.

हे साधते कसे, ते जुन्या पेढीच्या वह्या पाहिलेल्यांना लगेच समजेल. पेढीवर व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत क्रमाने उतरवतात आणि त्यावरून सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतात. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्द शाबूत असली की ती पुन्हा पूर्ण करता येते. पोस्टग्रेसही प्रत्येक बदल आधी एका क्रमवार नोंदवहीत लिहितो, ती नोंद डिस्कवर पक्की झाल्याची खात्री करतो, आणि मगच ‘झाले’ असे कळवतो. मूळ टेबलांच्या फाइलींत तो बदल नंतर कधीतरी उतरतो. वीज परत आल्यावर तो नोंदवहीतला शेवटचा पक्का टप्पा शोधून तिथून पुढचे सगळे बदल पुन्हा लागू करतो, आणि ज्या गठ्ठ्यांवर ‘झाले’ची मोहोर नाही, ते झालेच नाहीत असे धरतो. काउंटरवरच्या पडद्यावर पावती क्रमांक उमटला असेल तर ती पावती आहे. उमटला नसेल तर सर्व्हर, म्हणजे डेटाबेस ज्यावर चालतो तो संगणक, सुरू झाल्यावर आधी शोधून पाहावे, कारण नोंद पक्की होऊन फक्त निरोप पोहोचायचा राहिला, असेही होऊ शकते.

यात एक पोटकलम आहे. डिस्कने ‘लिहिले’ म्हणावे आणि प्रत्यक्षात ते तिच्या तात्पुरत्या स्मृतीतच असावे, असा खोटेपणा स्वस्त डिस्क करू शकतात, आणि तिथे कोणताही डेटाबेस हतबल असतो. २०१८ मध्ये तर असे लक्षात आले की डिस्कवर लिहिताना चूक झाली असता, अनेक सर्व्हर ज्या लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात ती, ती चूक एकदाच कळवून पुढच्या वेळी सगळे ठीक असल्याचे सांगू शकते. त्यानंतर पोस्टग्रेसमध्ये बदल करण्यात आला: अशी चूक आली की आता तो जाणूनबुजून कोलमडतो आणि नोंदवहीवरून पुन्हा उभा राहतो. चुकीचा डेटा घेऊन पुढे जाण्यापेक्षा थांबणे बरे, हा त्यामागचा विचार. यूपीएस आणि चांगली डिस्क यांचा खर्च मात्र त्या शून्य शुल्काच्या बाहेरचा आहे.

पावती क्रमांक मधूनच गायब का होतात?

सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच हिशेबनीस हा प्रश्न घेऊन येतो. १०४१ नंतर थेट १०४३. १०४२ कुठे गेली? पैसे कोणी खाल्ले?

बहुतेक वेळा कोणीही नाही. पोस्टग्रेसमध्ये अनुक्रमांक देणारे एक वेगळे यंत्र असते. त्याचे काम प्रत्येकाला वेगळा क्रमांक देणे एवढेच आहे; सलग क्रमांक देण्याचे वचन ते देत नाही. १०४२ हा क्रमांक एका काउंटरने घेतला, पण खुर्ची आधीच दिलेली असल्याने तो गठ्ठा रद्द झाला. गठ्ठ्यातल्या नोंदी पुसल्या गेल्या, क्रमांक मात्र परत आला नाही. तो परत घ्यायचा म्हटले तर एका काउंटरची पावती पूर्ण होईपर्यंत बाकीच्या दोघांना खोळंबून राहावे लागेल. शिवाय हे यंत्र वेगासाठी एका वेळी ३२ क्रमांक पुढचे नोंदवून ठेवते, त्यामुळे सर्व्हर अचानक बंद पडल्यास तेवढी मोठी उडीही दिसू शकते.

जीएसटीच्या नियमांनुसार कर बीजकावर सलग अनुक्रमांक लागतो, तेव्हा ‘यंत्रच तसे आहे’ असे सांगून लेखापरीक्षकाची बोळवण करता येणार नाही. उपाय सोपा आहे. अंतर्गत ओळख क्रमांकासाठी ते यंत्र वापरावे, आणि छापील पावती क्रमांकासाठी एक वेगळे छोटे टेबल ठेवून, त्यातला शेवटचा क्रमांक त्याच गठ्ठ्यात कुलूप लावून वाढवावा. गठ्ठा रद्द झाला तर क्रमांकही मागे जातो. यात बाकीचे काउंटर क्षणभर थांबतात खरे, पण तीन काउंटरांच्या अभ्यासिकेत ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही. हे आधी सांगितले नाही तर प्रोग्रॅमर बहुधा पहिलाच मार्ग धरतो.

नोंदी खोडल्या तरी डिस्क रिकामी का होत नाही?

कारण खोडलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही. मालक महिन्याचा अहवाल काढत असताना काउंटरवर फी भरली जात असेल तर दोघांनी एकमेकांना अडवू नये, म्हणून पोस्टग्रेस नोंद बदलताना जुनी प्रत ठेवून नवी प्रत लिहितो. अहवालाला तो सुरू झाला त्या क्षणाचे चित्र दिसते, काउंटरला नवे. जुन्या प्रती कोणालाच नको झाल्या की व्हॅक्यूम नावाची प्रक्रिया आपोआप फिरून ती जागा पुन्हा वापरासाठी मोकळी करते. फाइलचा आकार सहसा कमी होत नाही, पण नव्या नोंदी त्याच जागेत बसतात. ही प्रक्रिया सर्व्हरवर ताण देते म्हणून ती बंद करण्याचा सल्ला कधीकधी मिळतो. तो ऐकू नये. आणि कोणी एखादा गठ्ठा उघडा ठेवून जेवायला गेला तर त्या वेळेपासूनच्या जुन्या प्रती झाडता येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

मराठी नावे नीट राहतील का?

राहतील, मात्र तीन खाचखळगे आहेत आणि बाहेरच्या मार्गदर्शनात ते सापडत नाहीत. पहिला लांबीचा. आपल्याला ‘ज्ञानेश्वर’ या नावात चार अक्षरे दिसतात. डेटाबेस त्यातली व्यंजने, हलन्त आणि मात्रा वेगवेगळ्या मोजून दहा मोजतो. त्यामुळे नावाच्या रकान्याला वीस अक्षरांची मर्यादा घातली तर आडनावासह बरीचशी मराठी नावे बाहेर पडतील. मर्यादा सढळ ठेवावी.

दुसरा क्रमाचा. अक्षरांच्या संगणकीय क्रमांकांनुसार यादी लावली तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो आणि ‘काळे’ हे ‘कावरे’ यांच्या आधी बसतात, तर आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर येतो. २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये भाषावार क्रमाचे आंतरराष्ट्रीय नियम वापरता येतात आणि त्यात मराठीही आहे, पण ते मागावे लागतात. मागितले नाहीत तर मिळेल तो क्रम पदरात पडतो.

तिसरा सर्वांत चिवट. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दिसायला एकच, पण त्यातला अर्धा र तीन पद्धतींनी टाइप होऊ शकतो: स्वतंत्र ऱ हे अक्षर वापरून, साध्या र ला खाली नुक्ता देऊन, किंवा र् नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. सदाशिव पेठेतल्या संगणकावर एका पद्धतीने आणि शनिवार पेठेतल्या मोबाइलवर दुसऱ्या पद्धतीने नाव लिहिले गेले तर शोधताना ते सापडत नाही आणि त्याच मुलाची दुसरी नोंद तयार होते. पहिल्या दोन पद्धती एकसारख्या करण्याची सोय १३ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्येच आहे. तिसरीसाठी सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ वेगळी लिहावी लागते. हे काम नोंद आत येतानाच करावे, नंतर नाही.

वर्षभरात ते हळू झाले. डेटा जास्त झाला का?

अभ्यासिकेत महिन्याला चारशे पावत्या धरल्या तर दहा वर्षांत ४८,००० होतात. पोस्टग्रेसमध्ये एक टेबल ३२ टेराबाइटपर्यंत वाढू शकते. तेव्हा डेटा जास्त झाला, सर्व्हर मोठा घ्या, असे कोणी म्हटले तर खिशात हात घालण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली म्हणजे इंडेक्स, अर्थात शोधण्यासाठी वेगळी ठेवलेली क्रमवार सूची. पावत्यांच्या टेबलातला विद्यार्थी क्रमांक विद्यार्थ्यांच्या टेबलाशी जोडलेला असला तरी त्यावर पोस्टग्रेस आपणहून इंडेक्स करत नाही, आणि अनेक प्रोग्रॅमरांची समजूत तो होतो अशी असते. दुसरी म्हणजे प्रश्न विचारण्याची पद्धत: चारशे मुलांची यादी दाखवताना एकच प्रश्न विचारण्याऐवजी प्रत्येक मुलासाठी वेगळा प्रश्न विचारणारे सॉफ्टवेअर कोणत्याही यंत्रावर रखडते.

चुकीच्या बेरजांचेही एक कारण इथेच सांगून टाकतो. ‘एमपीएससी करणारी मुले’ आणि ‘एमपीएससी न करणारी मुले’ असे दोन आकडे काढले की बेरीज एकूण मुलांइतकी यायला हवी. पण ज्यांचा अभ्यासक्रम लिहिलेलाच नाही, ती मुले दोन्ही यादींतून गळतात. जे माहीत नाही ते ‘नाही’ या गटात टाकायला डेटाबेस तयार नसतो. त्यांचा आकडा वेगळा मागावा.

मायएसक्यूएल घ्यावा की पोस्टग्रेस?

एवढ्या कामासाठी दोन्ही पुरेसे आहेत. अटी काटेकोर पाळण्यात पोस्टग्रेस पूर्वीपासून पुढे आहे. मायएसक्यूएल तर २०१९ मध्ये आलेल्या ८.०.१६ या आवृत्तीपर्यंत मूल्य तपासणाऱ्या अटी लिहू देत असे आणि गुपचूप त्यांच्याकडे दुर्लक्ष करत असे. तरी पुरवठादाराची माणसे मायएसक्यूएल नीट जाणत असतील आणि पोस्टग्रेस त्यांना नवे असेल, तर माझा कौल त्यांच्या सवयीच्या बाजूने पडेल.

बॅकअप आपोआप होतो का?

नाही. कोणीतरी तो लावावा लागतो आणि तो लागला आहे का, हे दुसऱ्या कोणीतरी पाहावे लागते. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने घाईत चुकीच्या सर्व्हरवरची पोस्टग्रेसची माहिती पुसली. त्यानंतर उघड झाले की रोजचा बॅकअप बऱ्याच काळापासून होतच नव्हता, कारण बॅकअप घेणारे साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचे होते, आणि तो होत नसल्याची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सुदैवाने काही तास आधी घेतलेली एक प्रत हाती लागली आणि नुकसान सुमारे सहा तासांच्या माहितीवर थांबले. कंपनीने हे सगळे स्वतःहून जाहीरपणे लिहिले, म्हणून इतरांना त्यातून शिकता आले.

आपल्या अभ्यासिकेसाठी रोज रात्री पूर्ण प्रत काढणे पुरेसे आहे. तेव्हा काम थांबवावे लागत नाही. ती प्रत त्याच इमारतीत ठेवू नये. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजल्यांत पाणी शिरले, तेव्हा संगणक आणि त्याशेजारची बॅकअपची डिस्क यांना वेगळा न्याय मिळणे शक्य नव्हते. आणि तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून कालची शेवटची पावती तिच्यात सापडते का, हे मालकाने स्वतः पाहावे. पुरवठादाराचा ‘बॅकअप आहे ना’ हा दिलासा त्या पावतीची जागा घेऊ शकत नाही.

ओपन सोर्स आहे म्हणजे कोणीही आत शिरू शकेल?

कोड सर्वांना दिसतो, तुमचा डेटा नाही. नव्याने बसवलेला पोस्टग्रेस फक्त त्याच संगणकावरून आलेल्या जोडण्या स्वीकारतो. घरून काम करता यावे म्हणून कोणीतरी तो इंटरनेटवर उघडा करते, सर्वाधिकार असलेल्या खात्याला सोपा पासवर्ड देते आणि तेच खाते तिन्ही काउंटरांना वाटते. घात होतो तो तिथे. प्रत्येक काउंटरला वेगळे खाते आणि त्याला पावत्या खोडण्याचा अधिकार नसावा, ही किमान अपेक्षा आहे. मुलांची नावे, मोबाइल आणि ओळखपत्रांचे क्रमांक ही वैयक्तिक माहिती असून २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार तिची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर येते, सॉफ्टवेअर दुसऱ्याने चालवले तरीही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल त्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा दंड अभ्यासिकेला होणार नाही हे उघड आहे, पण ‘आम्हाला त्यातले कळत नाही’ हा बचावही चालणार नाही.

एकदा बसवले की झाले ना?

पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि प्रत्येकीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. आवृत्ती १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली, १४ ची नोव्हेंबर २०२६ मध्ये संपेल. त्यानंतर डेटाबेस बंद पडत नाही, फक्त सापडलेली भोके बुजवणे थांबते, आणि म्हणूनच जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षे तशाच चालू राहतात. मधल्या छोट्या दुरुस्त्या दर तीन महिन्यांनी किमान एकदा येतात. त्यांच्यासाठी नवी फाइल बसवून सर्व्हर एकदा बंद-चालू करणे पुरते. मोठ्या आवृत्तीवर जाताना मात्र आधी प्रतीवर तालीम करावी लागते आणि प्रत्यक्ष बदलाच्या वेळी काउंटर थोडा वेळ बंद ठेवावे लागतात. कोटेशनमध्ये हे काम कोण करणार आणि वर्षाला किती घेणार, हे लिहून घ्यावे, कारण शून्य शुल्काच्या ओळीखाली खरी रक्कम हीच असते. पेठांतल्या अभ्यासिकेला त्यासाठी अनंत चतुर्दशीचा दिवस सोयीचा वाटेल, रस्ते बंद असल्याने त्या दिवशी नवे प्रवेश होत नाहीत; फक्त काही बिघडलेच तर दुरुस्तीला येणारा माणूसही अलका चौकाच्या अलीकडे येऊ शकणार नाही, हे धरून चालावे.